बोट एकाच बाजूला वळते? सुकाणूला हात सर्वांत शेवटी लावा

आधी लक्षणं बघा. शाळेच्या स्पर्धेसाठी केलेल्या तुमच्या छोट्या मोटरबोटीचं यापैकी नेमकं काय होतंय ते ठरवून घ्या, कारण पुढं कुठून सुरुवात करायची ते त्यावरच ठरतं.

- सोडल्यावर दोन-तीन फूट सरळ जाते, मग हळूहळू दर वेळी एकाच बाजूला वळते.
- सोडल्या सोडल्या झटक्यात वळते, नंतर मात्र बऱ्यापैकी सरळ चालते.
- पहिल्या एक-दोन फेऱ्या छान, नंतरच्या फेऱ्यांत तिरकी.
- कधी डावीकडं, कधी उजवीकडं. नेम नाही.
- कमी सेलवर सरळ, जास्त सेल लावले की नाक वर करते आणि भरकटते.
- दोन मोटरी आहेत आणि बोट जागच्या जागी गोल फिरते.

मी बोलतोय ते शाळेच्या स्पर्धांतल्या बोटींबद्दल. साधारण ४० ते ६० सेंटीमीटर लांब, सनबोर्ड, थर्माकोल किंवा ३ मिलिमीटर प्लायवुडची, एक (क्वचित दोन) छोटी डीसी मोटर, रिमोट नाही. टाकीच्या एका टोकाला सोडायची आणि भिंतीला न घासता दुसऱ्या टोकाला पोचवायची. बेळगाव शहरात असो की खानापूर, निपाणी, चिकोडीकडं, मराठी, कन्नड, उर्दू माध्यमाची पोरं एकाच टाकीच्या कडेला उभी असतात आणि तक्रार सगळ्यांची एकच: "काका, कशीबी सोडली तरी डावीकडंच जातीया बघा ओ." बोट बुडाली म्हणून हरलेले संघ थोडे. वळली म्हणून हरलेले फार.

आणि वळली की प्रत्येक जण पहिल्यांदा सुकाणू वाकवतो. तेच करायचं नाही. सुकाणू वाकवल्यानं वळण्याचं कारण जात नाही, फक्त झाकलं जातं. ते कारण वाढत जाणारं असेल, म्हणजे आत पाणी झिरपतंय किंवा शाफ्ट (मोटरपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारी सळई) सैल होतोय, तर सकाळी जुळवलेलं सुकाणू दुपारच्या फेरीला चुकतं. वाऱ्याचं ढकलणं बोटीच्या वेगावर अवलंबून नसतं, सुकाणूचा जोर मात्र वेगाबरोबर कमीजास्त होतो. सेल थोडे उतरले की जुळवलेलं सगळं विस्कटतं. शिवाय वाकवलेलं सुकाणू म्हणजे पाण्यात कायमचा दाबून ठेवलेला ब्रेक. शर्यत वेगाची आहे, तिथं ही किंमत मोजू नका.

फुकटातल्या तपासण्या

पहिली वाऱ्याची. एकाच रेषेवर बोट दोन्हीकडून सोडा, एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही वेळा ती स्वतःच्या डाव्या हाताला वळली तर दोष बोटीत. दोन्ही वेळा टाकीच्या त्याच भिंतीकडं गेली तर दोष वाऱ्यात, बोटीत काही शोधू नका. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळं चांगल्या बोटी उगाच उसवलेल्या मी पाहिल्यात. आपल्याकडं घाट जवळ. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा उघड्या गच्चीवर ४०० ग्रॅमच्या बोटीला सहज ढकलतो, आणि हिवाळ्यात तोच वारा उलट, पूर्वेकडून येतो. म्हणून पावसाळ्यात जुळवलेली बोट डिसेंबरच्या प्रदर्शनात दुसऱ्याच बाजूला गेली तर दचकू नका.

वाऱ्याचा दोष निघाला तर पाण्याच्या वर काय काय उभं केलंय ते बघा. उंच केबिन, पुठ्ठ्याचं शीड, भगवा झेंडा. आरमाराच्या आवडीनं पोरं झेंडा लावतात, लावूच द्या, फक्त नाकावर लावू नका. पुढं लावलेला झेंडा बोटीचं नाक वाऱ्याबरोबर फिरवतो. लहान करा आणि मध्याच्या जरा मागं घ्या.

दुसरी तपासणी सोडण्याच्या हाताची. झटक्यात वळून नंतर सरळ चालणाऱ्या बोटीचा दोष बहुतेक इथंच असतो. मोटर चालू करा, बोट दोन्ही बाजूंनी दोन हातांनी धरा, पंखा पूर्ण पाण्यात असू द्या, आणि न ढकलता दोन्ही हात एकदम बाजूला करा. एका हातानं धरून ढकललं की पिळा बसतोच.

तिसरी तपासणी माझ्या मते सगळ्यांत मोलाची. मोटर बंद ठेवा. बोटीच्या मागच्या फळीवर बरोबर मध्यभागी तर्जनी टेकवून बोट हळूच ढकला आणि सोडून द्या. असं पाच-सहा वेळा करा. मोटरशिवायही ती त्याच बाजूला वळत असेल, तर दोष वजनात, तळाच्या आकारात किंवा सुकाणूत आहे. मोटर बंद असताना सरळ आणि चालू केल्यावर तिरकी, तर दोष पंखा, शाफ्ट, मोटर यांत. निम्मं शोधकाम इथंच संपतं. एक काळजी घ्या: नाकाला दोरा बांधून ओढू नका. पुढून ओढलेली बोट वाकडी असली तरी दोऱ्यामागं सरळच येते, आणि तुम्ही फसता.

वजन आणि पाणी

मोटर बंद असतानाही वळणाऱ्यांनी इथं थांबा. बादली नको, घमेलंही नको. आंघोळीचा मोठा टब किंवा जनावरांची दोण घ्या, पाणी पूर्ण निवळू द्या, बोट ठेवा आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून मागून बघा. मागच्या फळीवर पाणी डाव्या कोपऱ्याला कुठं लागतं आणि उजव्या कोपऱ्याला कुठं, तिथं स्केचपेननं खुणा करा. खुणांत ३-४ मिलिमीटरचा फरक असेल तर बोट कललेली आहे. कललेल्या बोटीचा पाण्याखालचा आकार दोन बाजूंना सारखा राहत नाही, म्हणून ती वळते. कुठल्या बाजूला वळेल ते तळाच्या आकारावर ठरतं, पण वळते हे नक्की.

इथं जरा हिशेब करून बघा, मजा येते. सपाट तळाची बोट ४० सेंटीमीटर लांब आणि १४ रुंद असेल, तर ती एक सेंटीमीटर बुडायला ४० × १४ × १ म्हणजे ५६० घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारते. पाण्याच्या एका घनसेंटीमीटरचं वजन एक ग्रॅम. म्हणजे ५६० ग्रॅमची बोट बरोबर एक सेंटीमीटर बुडणार. किराणा दुकानाच्या काट्यावर बोट तोला आणि मग पाण्याची रेष बघा. जास्त बुडत असेल तर आत पाणी शिरलंय किंवा तुमचं माप चुकलंय.

कलण्याचं नेहमीचं कारण सेलचा डबा. चार पेन्सिल सेल डब्यासकट शंभर ग्रॅमच्या पुढं जातात, म्हणजे हलक्या बोटीच्या चौथाई वजन. तो डबा मध्यरेषेवर, तळाला टेकून, वेल्क्रोनं घट्ट बसवा. फेव्हीक्विकनं चिकटवू नका, कारण तो पुढंमागं सरकवून वजन जुळवायची सोय हवी. नाक खाली गेलेली बोट तर हमखास भरकटते: पुढचा भाग पाण्यात रुततो, मागचा मोकळा सुटतो आणि जिकडं निमित्त मिळेल तिकडं झुलतो. बोट पाण्यात सपाट किंवा किंचित मागं बसलेली असावी.

आता "पहिल्या फेऱ्या छान, नंतर तिरकी" हे लक्षण. बहुतेक वेळा शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो, त्या नळीतून पाणी येत असतं. ५० मिलिलिटर पाणी म्हणजे ५० ग्रॅम वजन, आणि ते एका जागी राहत नाही. बोट जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. खात्री करायला नळीच्या आतल्या तोंडाखाली टिश्यू कागदाची कोरडी पट्टी ठेवा, पाच मिनिटं मोटर चालवा आणि पट्टी बघा. टोकाशी ओली असेल तर नळी गळते, मध्येच कुठं ओली असेल तर तळाचा सांधा. नळीत ग्रीस भरा, इंजेक्शनच्या सिरिंजनं नीट भरता येतं. आणि मुळात नळीचं आतलं तोंड बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असलं पाहिजे. ते खाली असेल तर कितीही ग्रीस भरा, आज ना उद्या पाणी आत येणारच. तळाच्या सांध्याला कोरडं करून एमसील किंवा अरल्डाइट लावा. थर्माकोलवर मात्र फेव्हीक्विक आणि स्प्रेचा रंग दोन्ही चालत नाहीत, थर्माकोल विरघळतो. तिथं पाण्यात टिकणारं फेव्हिकॉल वापरा.

सेल आणि मोटर

पाणी नसेल आणि तरी नंतरच्या फेऱ्या बिघडत असतील तर सेल उतरलेत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी या कामाची नाही. व्होल्ट जास्त दिसतात, पण मोटरला लागणारा करंट ती फार वेळ देऊ शकत नाही. चार पेन्सिल सेल बरे.

दोन मोटरी असतील तर डावी मोटर उजवीकडं आणि उजवी डावीकडं लावून बघा. वळण्याची बाजू बदलली तर दोष मोटरचा: स्वस्तातल्या दोन मोटरी सारख्या वेगानं कधीच फिरत नाहीत. बाजू तीच राहिली तर मोटरींना दोष देऊ नका. आणि जागच्या जागी गोल फिरत असेल तर एक पंखा मागं ढकलतोय. तारा उलट्या जोडल्यात किंवा डाव्या फिरकीचा पंखा चुकून लागलाय.

जास्त सेल लावले की भरकटणाऱ्या बोटीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात दोष असा नसतोच. इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की इथं टाकीत जहाजांची मॉडेलं ओढून या गोष्टी मोजल्या. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा सोयीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढा, त्याला १.२५ नं गुणा, उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं. ४० सेंटीमीटरच्या बोटीला ०.८ मीटरच्या आसपास. त्यापुढं जोर लावला की बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, मागचा भाग खाली बसतो, नाक वर येतं, आणि जोराच्या मानानं वेग वाढत नाही. मग दोन सेल कमी करा किंवा पुढच्या वेळी बोट लांब करा. नियमात लांबीची मर्यादा ६० सेंटीमीटर असेल तर ४० ची बोट नेऊ नका, एवढं साधं आहे.

पंखा

मोटर चालू असतानाच वळणाऱ्यांनी पंखा हातात घेऊन बघा. पंखा आणि नळी यांच्या मधल्या फटीत केस आणि दोऱ्याचे तुकडे गुंडाळून काळा, ग्रीस लागलेला गोळा होतो. वरून दिसत नाही. सुई घालून उकरला की दीड-दोन इंच केस बाहेर येतो आणि पंखा पुन्हा हलका फिरतो. गणपती विसर्जनाच्या कुंडात किंवा तळ्यात सराव केला असेल तर हा गोळा असतोच, निर्माल्याचे दोरे अडकतात.

मग पाती बघा, एखादं वाकलंय का, कड तुटलीय का. पंखा शाफ्टवर सैल आहे का ते कळायला दोघांवर मिळून मार्करची एक रेघ ओढा. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर पंखा घसरतोय.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पंखा पूर्ण बुडालेला हवा. वरची पाती पाण्याबाहेर येत असतील तर खालची पाती पाण्याला नुसतं आडवं ढकलत राहतात, आणि रस्त्यावर चाक लोळावं तसा बोटीचा मागचा भाग बाजूला सरकतो. मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणं फिरत असेल तर मागचा भाग उजवीकडं जातो आणि नाक डावीकडं. "डावीकडंच जातीया" या तक्रारीत याचा वाटा मोठा आहे. सेल थोडे मागं सरकवा, पंखा खाली जाईल.

नेम नसलेलं वळण

कधी डावी, कधी उजवी. सनबोर्डच्या सपाट तळाच्या बोटींचा हा ठरलेला आजार, कारण पाण्याखाली त्यांना सरळ धरून ठेवणारं काही नसतं. तुटकी प्लास्टिकची फूटपट्टी घ्या, ८-१० सेंटीमीटर लांब आणि २-३ सेंटीमीटर उंच तुकडा कापा, बोटीच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात मध्यरेषेवर उभा लावा. आधी सेलोटेपनं लावून चालवून बघा, फरक दिसला तरच चिकटवा. पुढच्या भागात लावू नका, तिथं लावला तर बोट आणखी अस्थिर होते.

शाफ्टची रेष

इथून पुढं वेळ जातो आणि बोट उघडावी लागते. वरचं सगळं झालं नसेल तर इथं येऊ नका.

बोट पालथी घाला. नाकाच्या टोकापासून मागच्या फळीच्या बरोबर मध्यापर्यंत दोरा ताणून बांधा. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकर घरातली पोरं मागावरचं सूत आणतात, ते यासाठी उत्तम, बारीक आणि पिळाशिवाय. आता वरून, एक डोळा मिटून, शाफ्ट दोऱ्याच्या रेषेत आहे का बघा. बाजूनं बघताना शाफ्ट ५ ते १० अंश खाली उतरता असतो, ते चालतं. वरून बघताना मात्र तो डावा-उजवा झालेला चालत नाही.

किती फरक पडतो? समजा शाफ्ट मध्यरेषेला समांतर आहे पण ३ मिलिमीटर बाजूला बसलाय. बोट फिरवणारा हात, म्हणजे बोटीच्या मध्यापासून पंख्याच्या जोराच्या रेषेपर्यंतचं अंतर, ३ मिलिमीटरचा. आता समजा पंखा बरोबर मध्यावर आहे, पण शाफ्ट ३ अंश तिरका आहे आणि पंखा बोटीच्या मध्यापासून २० सेंटीमीटर मागं आहे. फिरवणारा हात १० मिलिमीटरच्या पुढं जातो, म्हणजे तिपटीहून जास्त. पोरं नळीचं भोक मध्यावर येण्यासाठी जिवाचं रान करतात आणि कोनाकडं बघत नाहीत. उलटं करा, आधी कोन सांभाळा.

शाफ्ट सायकलच्या स्पोकचा असेल, २ मिलिमीटरचा, तर तो काचेवर लोळवून बघा. मध्ये उजेड दिसला तर वाकलाय. ठोकून सरळ करत बसू नका, नवा स्पोक घ्या, काही रुपयांत मिळतो. मोटर आणि शाफ्ट यांच्या मधली रबरी नळी पिळलेली असेल तर तीही बदला.

तळच पिळलेला असेल तर

दोन सरळ फूटपट्ट्या घ्या, एक पुढं आणि एक मागं, पालथ्या बोटीवर आडव्या ठेवा. मागून बघताना दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. सुतार फळीचा पिळा असाच बघतात. एक पट्टी तिरकी दिसली तर तळ पिळलेला आहे. थर्माकोलचा असेल तर सँडपेपरनं घासून सुधारता येतो. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर राहून वाकलेला सनबोर्ड पुन्हा सरळ होत नाही. नवा तळ कापा, जुने पंखा-शाफ्ट त्यात बसवा. डावी-उजवी बाजू एकाच कागदी फर्म्यावरून कापा, फर्मा उलटा करून.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी दहा फुटांत वीतभर बाजूला जाते? आता सुकाणू. एका पंख्याच्या बोटीत एवढं वळण उरतंच. सुकाणू आधी हलवून बघा, खिळखिळं असेल तर घट्ट करा. मग मागची कड केसभर वाकवा, फेरी घ्या, पुन्हा केसभर. जुळलं की स्क्रूनं पक्कं करा आणि जागेवर खूण करा.

कुठं थांबायचं

लिथियम सेल फुगला, गरम झाला किंवा त्यातून वास आला तर लगेच थांबा. उघडू नका, चार्ज करू नका, टोचू नका. मोठ्या माणसाला सांगून बाहेर मोकळ्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ज्याला बॅटऱ्यांची माहिती आहे अशा दुरुस्तीवाल्याला दाखवा. लिथियम सेलवर थेट सोल्डरिंग मुलांनी करायचंच नाही. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथले सर समोर असतानाच मोटरच्या तारा जोडा.

पितळी नळीला भोक पाडणं, शाफ्ट टर्न करणं, कपलिंग बनवणं ही लेथची कामं. घरच्या ड्रिलनं नळी हातात धरून भोक पाडू नका, नळी फिरते आणि हात कापतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाले पुष्कळ आहेत. शाफ्टचा तुकडा आणि मापं लिहिलेला कागद घेऊन वडीलधाऱ्यांबरोबर जा, दुपारच्या सुट्टीच्या वेळी गेलात तर बोलायला सवड असते. फायबरचा तळ करायचा असेल तर रेझिनचं काम फायबरचं काम जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या.

टाकीत पाणी भरायचा पंप चालू असताना कुणीही पाण्यात हात घालू नये. पंपाची जोडणी इलेक्ट्रिशियननं करावी.

आणि उघड्या पाण्यावर, मग तो किल्ल्याचा तलाव असो, हिडकलचा जलाशय असो की शेतातली विहीर, बोट दोरीशिवाय सोडू नका. मागच्या फळीला पातळ नायलॉनचा दोरा बांधा, त्यानं सरावाला काही बिघडत नाही. दोरा तुटून बोट आत गेली तर ती गेली. तिच्यामागं पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. वाऱ्यानं काठाला लागेपर्यंत थांबा, नाही लागली तर नवी करू.